ठकीच्या पायातले दोन स्क्रू

कारखान्यात त्याला सगळे खरखरे म्हणायचे. ते त्याचं आडनाव नव्हतं. शरीरात बसवायच्या धातूच्या भागांवर बारीक, टणक वाळूचा मारा करून त्यांचा पृष्ठभाग खरखरीत करायचा, हे काम तो अठरा वर्षं करत होता, म्हणून खरखरे. नव्या लोकांना ते खरंच आडनाव वाटायचं. एकदा तर हजेरीच्या कागदावरही तेच छापून आलं आणि त्याने बिनतक्रार त्यापुढे सही ठोकली.

काचेची खिडकी असलेली एक लोखंडी पेटी, तिला आतून लावलेले रबराचे जाड हातमोजे. बाहेरून हात घालायचे, भाग धरायचा, पायाने पेडल दाबायचं. हवेच्या झोताबरोबर वाळू सुटायची आणि चकचकीत टायटॅनियम बघता बघता राखाडी, मंद व्हायचं. बोट फिरवून फारसं कळायचं नाही, नख फिरवलं की कळायचं. खुब्याच्या सांध्याच्या वाट्या, जबड्यात बसवायची दातांची मुळं, सगळी त्याच्या हाताखालून जायची. पाहुणे आले की मॅनेजर त्यांना पेटीपाशी आणून दर वेळी तेच सांगायचे, "गुळगुळीत भिंतीवर वेल चढत नाही. हाडाचंही तसंच. धातू खरखरीत असला की हाडाच्या पेशी त्याला धरतात." खरखरेला हे वाक्य तोंडपाठ झालं होतं.

त्याची मुलगी ठकी दहा वर्षांची. कुठल्याही गोष्टीत घासाघीस करायची सवय, म्हणून घरात ठकी. तिचा उजवा गुडघा आत वळलेला होता. धावताना तो डाव्यावर आपटायचा आणि ती पडायची. चौदा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला बोटाच्या पेराएवढी एक धातूची पट्टी बसवली होती, दोन स्क्रूंनी. हाड जिथून वाढतं तिथे एक रेघ असते. एक स्क्रू त्या रेघेच्या वर, एक खाली. आतली बाजू अशी थोपवून धरली की बाहेरची बाजू वाढत राहते आणि पाय हळूहळू सरळ होतो.

त्या मंगळवारी डॉक्टरांनी नवा एक्स-रे उजेडावर धरला आणि म्हणाले, "झाला की सरळ! आता पट्टी काढायची. पुढच्या गुरुवारी या."

"थोडे दिवस थांबलं तर चालेल?" ठकीने विचारलं. "शाळेची स्पर्धा आहे."

"दोन आठवडे चालतील. दोन महिने नाही. नाहीतर पाय उलट्या बाजूला वाकायला लागेल."

"काढताना त्रास होतो का हो?" खरखरेच्या बायकोने विचारलं.

"छे! चाळीस मिनिटांचं काम. नंतर काढायचे असतात ते स्क्रू मुद्दाम आरशासारखे गुळगुळीत ठेवतात. हाड त्यांना घट्ट धरत नाही. फिरवले की आले बाहेर."

बायको हसली. ठकीने शाळेच्या दोन दिवसांच्या सुट्टीचे डॉक्टरांकडून तीन दिवस करून घेतले.  खरखरेने मात्र समोरच्या एक्स-रेकडे पाहिलं. काळ्या कागदावर दोन पांढरे स्क्रू, त्यांची मळसूत्रं करवतीच्या दातांसारखी, आणि त्यांना चिकटून हाड.

ते स्क्रू गुळगुळीत नव्हते.

चौदा महिन्यांपूर्वी, पट्टी आपल्याच कारखान्यातून येणार हे त्याला कळलं होतं. त्या महिन्यात एवढ्या लहान मापाचा एकच संच निघाला होता. तपासणी होऊन तो शेवटच्या धुलाईसाठी ट्रेमध्ये ठेवलेला त्याने पाहिला. स्क्रू असे लखलखत होते की त्यात खिडकी दिसत होती. त्याला धास्ती वाटली. ठकी उड्या मारणारी पोर. हे असले निसरडे स्क्रू तिच्या हाडात टिकणार कसे? अठरा वर्षं जे वाक्य ऐकलं होतं ते डोक्यात बसलं होतं: खरखरीत असेल तर हाड धरतं. सगळे जेवायला गेले असताना त्याने ट्रे पेटीत नेला. दोन्ही स्क्रू, पट्टीची खालची बाजू, चाळीस सेकंद. मग स्वतःच्या हाताने धुऊन ट्रे जागेवर ठेवला. त्या दुपारी त्याला फार बरं वाटलं होतं. लेकीसाठी आपल्या हाताने काहीतरी केलं, असं.

काढायच्या वस्तूचा नियम वेगळा असतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानेही कुणाला विचारलं नव्हतं.

बुधवारी तो कारखान्याच्या मागच्या बाजूच्या छोट्या प्रयोगशाळेत गेला. तिथे काम करणाऱ्या बाईंना सगळे लॅबताई म्हणत. त्या धातूच्या चकत्यांवर हाडाच्या पेशी वाढवून कोणता पृष्ठभाग चांगला ते बघायच्या, आणि चकत्या खरखरीत करून द्यायला खरखरेच लागायचा. म्हणून दोघांची ओळख होती.

"ताई, त्या पेशी एकदा बघायच्यात मला."

"अठरा वर्षांनी आठवण झाली?" त्या हसल्या. "बसा. कालच्याच आहेत."

त्यांनी दोन चकत्या दाखवल्या. एक चकचकीत, एक त्याच्या पेटीतून आलेली. दोन्हींवर सारख्याच पेशी सोडल्या होत्या, सारखाच वेळ ठेवल्या होत्या, मग दोन्ही सारख्याच जोराने धुतल्या होत्या आणि पेशी दिसाव्यात म्हणून त्यांना चमकणारा हिरवा रंग दिला होता. त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. चकचकीत चकतीवर काळोखात विखुरलेले पाच-सात हिरवे ठिपके, गोल, एकेकटे. ताईंनी दुसरी चकती सरकवली आणि त्याने डोळा मागेच घेतला. सगळं हिरवं होतं. पेशी गोल नव्हत्या, पसरल्या होत्या. प्रत्येकीला चार-पाच लांब पाय फुटले होते आणि एकेक पाय एकेका खड्ड्यात रुतला होता.

"धुऊनसुद्धा जात नाहीत," ताई कौतुकाने म्हणाल्या. "दीड मायक्रॉनचा खरखरीतपणा त्यांना मानवतो. तुमचा हात बसलाय हो त्या कामाला."

"ही एका दिवसाची पकड?"

"एका दिवसाची."

"आणि चौदा महिने झाले तर?"

"मग पेशी कुठल्या, हाडच. धातू आणि हाड एक होऊन जातं. आपल्याला तेच तर हवं असतं." त्यांनी मान वर केली. "चौदा महिनेच का?"

"सहज," तो म्हणाला आणि निघाला. दारात त्याचा खांदा आपटला.

त्यानंतरचे दोन दिवस त्याने कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. मॅनेजर दोन पावलं जवळ आले तरी वाटायचं, यांना कळलं. मापं घेणाऱ्या बाईंनी नुसतं "अहो" म्हटलं की हातमोज्यातला भाग सुटायचा. पेटीतल्या वाळूचा आवाज त्याला सोसवेना. नोकरीची भीती होतीच, पोलिसांचीही होती. पण त्यांच्याखाली एक मोठी भीती होती आणि ती एकाच चित्राची होती: डॉक्टर स्क्रू फिरवतायत, स्क्रू फिरत नाही, डॉक्टर जोर लावतायत. पुढचं चित्र तो बघू शकत नव्हता.

स्वतःची समजूतही काढून झाली. डॉक्टर अनुभवी आहेत, काढतील कसेतरी. कदाचित हाड धरलंच नसेल. कदाचित चाळीस सेकंद नव्हते, वीसच असतील. मग ठकी समोरून चालत जायची, सरळ पायाने, मुद्दाम ऐटीत, आणि त्याला ते हिरवे रुतलेले पाय आठवायचे.

शनिवारी सकाळी बायको डबा भरत होती. ती पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींच्या फोनवर बसायची. दिवसभर लोक तिच्यावर ओरडायचे आणि ती शांतपणे लिहून घ्यायची.

"तीन दिवस तुम्ही जेवत नाही आहात," ती पाठमोरीच म्हणाली. "काय आहे ते सांगा, नाहीतर मी अंदाज करत बसेन, आणि माझे अंदाज वाईट असतात."

तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने सांगितलं. फार थोड्या शब्दांत सांगितलं, कारण जास्त शब्द निघेनात.

ती वळली. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज तिच्या फोनवरचाच होता.

"दोन्ही स्क्रू?"

"दोन्ही. आणि पट्टीची खालची बाजू."

"कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"आणखी कुणाच्या मुलाचे केलेत असे?"

"नाही गं. शप्पथ. फक्त तिचेच."

"डॉक्टरांना कधी सांगणार होतात?"

 तिने डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसलं नाही, पुन्हा लावलं, आणि मग अचानक डबा ओट्यावर आदळला. "दीडशहाणे आहात तुम्ही! स्वतःच्या हाताने लेकीच्या पायात..."  पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "चपला घाला. दवाखाना एक वाजता बंद होतो."

बाहेरच्या बाकावर पन्नास मिनिटं बसावं लागलं. समोर हाताला प्लॅस्टर घातलेला एक म्हातारा पेंगत होता. दोनदा खरखरे उठून जिन्यापर्यंत गेला. दोन्ही वेळा बायकोने त्याला अडवलं नाही, नुसतं बघत राहिली, आणि दोन्ही वेळा तो परत आला.

आत गेल्यावर त्याने उभ्यानेच सांगून टाकलं. डॉक्टरांनी आधी ऐकलं, मग चष्मा काढला.

"किती मायक्रॉन?"

"दीडच्या आसपास."

"मळसूत्रांवरही?"

"सगळीकडे."

डॉक्टर खुर्चीतून उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. "तुम्हाला कल्पना आहे काय केलंत याची? स्क्रू अडकला की त्याच्या डोक्याची खाच झिजते. जोर लावला की मान तुटते. मग भोवतालचं हाड पोकळ ड्रिलने कोरून तो काढावा लागतो. आणि तिथे नखाएवढ्या अंतरावर काय आहे? वाढीची रेघ! ती दुखावली तर पोरीच्या पायाची वाढ तिथे थांबेल. दहा वर्षांची आहे ती. एक पाय आखूड राहील."

बायकोने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"मला विचारायचं होतं ना!" डॉक्टर ओरडलेच.

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हटलं असतं," खरखरे म्हणाला. त्याला स्वतःलाच ऐकू आलं की हे किती मूर्खपणाचं आहे. पण खरं तेच होतं.

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग हळू आवाजात म्हणाले, "बसवताना ते मला मळकट दिसले होते. वाटलं, नवीन पद्धत असेल कारखान्याची. मीही विचारलं नाही." त्यांनी फोन उचलला. "तुमच्या मालकांना मला सांगावं लागेल. तुम्ही म्हणता एकाच संचाला हात लावला. मी ते नुसतं ऐकून नाही मानू शकत. या मापाचे जितके संच गेले तितके सगळे तपासले जातील."

"तपासा," तो म्हणाला.

"आणि गुरुवारी नाही, शनिवारी करू. अडकलेले स्क्रू काढायची हत्यारं मागवावी लागतील. तुम्ही आलात हे बरं केलंत. गुरुवारी मी साधा पेचकस घेऊन उभा राहिलो असतो आणि जोर लावला असता."

सोमवारी मालकांनी त्याला बोलावलं. ते ओरडले नाहीत, हेच जास्त भीतीदायक होतं. पेटीची किल्ली टेबलावर ठेवायला सांगितली, सगळा प्रकार त्याच्याच अक्षरात लिहून घेतला आणि चौकशी होईपर्यंत घरी बसा म्हणाले. सही करताना खरं आडनाव लिहायला तो क्षणभर अडखळला. बाहेर लॅबताई उभ्या होत्या. त्यांना कळलं होतं.

"चौदा महिने," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीच सांगायचं होतंत मला." आणि मग, "किती वाजता आहे शनिवारी?"

शनिवारी सकाळी आठला ठकीला आत नेलं. तिला फक्त एवढंच सांगितलं होतं की स्क्रू जरा हट्टी आहेत, वेळ लागेल. "किती?" तिने विचारलं. "दोन तास," डॉक्टर म्हणाले. "दीड करा," ठकी म्हणाली. आत नेणाऱ्या परिचारिकेला हसू आवरेना. दार मिटलं.

बाहेर जमिनीला पक्क्या केलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. पाण्याचं यंत्र मधूनच गुडगुडायचं. भिंतीवरचं घड्याळ खरखरेला दिसत होतं आणि तो बघायचं नाही असं ठरवून बघत होता. चाळीस मिनिटं झाली. गुळगुळीत स्क्रू असते तर आता ती बाहेर असती. एक तास झाला. बायको शेजारी बसली होती पण मध्ये एक खुर्ची मोकळी सोडून. गेल्या आठवड्यात ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली होती. त्याला तिच्याकडे बघायची भीती वाटत होती, आणि दाराकडे बघायचीही.

सव्वा तासाने दवाखान्यात कामाला असलेला एक मुलगा धावत आत गेला, हातात झाकलेला ट्रे. खरखरे उभा राहिला. दार पुन्हा मिटलं तसा खाली बसला. आतून काही आवाज येत नव्हता, तरी त्याला ड्रिलचा आवाज येत होता. असा बारीक, चढत जाणारा. त्याने कान दाबले.

"आवाज येतोय तुम्हाला?" बायकोने विचारलं.

"हो."

"मलाही येतोय," ती म्हणाली. मग मधल्या खुर्चीवर सरकली. दोघांनी एकमेकांचा हात धरला नाही, पण खांदे टेकले.

दोन तास दहा मिनिटांनी डॉक्टर स्वतः बाहेर आले. टोपीखाली घामाची रेघ होती. हातात स्टीलची वाटी.

"जागी होतेय. ठीक आहे," ते आधी म्हणाले. मग वाटी पुढे केली. आत पट्टी होती, एक पूर्ण स्क्रू होता आणि दुसऱ्याचं फक्त डोकं. "पट्टी छिन्नीने सोडवावी लागली. वरचा स्क्रू पाऊण तासाने निघाला. खालचा तुटला."

खरखरेने वाटीत पाहिलं. निघालेल्या स्क्रूच्या मळसूत्रात पांढरे कण गच्च बसले होते. रक्त धुतलं गेलं होतं, ते कण मात्र धुतले गेले नव्हते. ते त्याच्या लेकीचं हाड होतं, त्याने केलेल्या खड्ड्यांत. 

"मग तुटलेला?" बायकोचा आवाज पहिल्यांदा फाटला.

"आत ठेवला. ऐका नीट. वाढ थोपवून धरत होती ती पट्टी, रेघेच्या दोन्ही बाजूंना बांधलेली. आता पट्टी नाही, वरचा स्क्रू नाही. खालचा तुकडा एकटा काही थोपवत नाही. तो काढायला मी रेघेजवळ कोरत गेलो असतो तर धोका वाढला असता. म्हणून हात आवरला."

"रेघेला धक्का?"

"मला वाटतं, नाही लागला." ते थांबले. "वाटतं, असं म्हणतोय मी. वरचा काढताना आम्ही जवळून गेलो. तीन महिन्यांनी एक्स-रे काढू, मग दर तीन महिन्यांनी. तिची वाढ पूर्ण होईपर्यंत."

संध्याकाळी ठकी उशीला टेकून बसली आणि तिने उशाशी ठेवलेली वाटी मागितली. बघून म्हणाली, "दुसरा अर्धा कुठाय?"

बायकोने खरखरेकडे पाहिलं.  हे त्याचं त्यालाच सांगायचं होतं. तो पलंगाच्या कडेला बसला आणि ठकीला सगळं सांगितलं. पेटी, चाळीस सेकंद, जेवणाची सुट्टी. काहीच लपवलं नाही. 

ठकी पट्टीकडे बघत राहिली. "म्हणजे माझं पडणं बंद व्हावं म्हणून?"

"स्क्रू निसटू नयेत म्हणून."

"आणि आता तो निघतच नाही."

"नाही."

ती रडली नाही. तिने घासाघीसही केली नाही. तोंड भिंतीकडे करून झोपली, आणि ती गप्प राहिलेली त्याला डॉक्टरांच्या ओरडण्यापेक्षा जड गेली. चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने त्याला पाठीवर घेऊन न्हाणीपर्यंत न्यायला सांगितलं आणि वाटेत कानात म्हणाली, "मला न विचारता माझ्यात काही घालायचं नाही." तो "नाही" म्हणाला.

कारखान्याने बाकीचे सगळे संच तपासले. ते सगळे गुळगुळीत निघाले. त्याला कामावर परत घेतलं, पण पेटीवर नाही, माल उतरवायच्या जागी. पेटीला आता कुलूप होतं आणि ट्रेवर दोन सह्या लागत होत्या. लोक त्याला खरखरे म्हणायचे बंद झाले. कुणी ठरवून केलं नव्हतं. ते नाव तोंडात येताना अडायचं बहुतेक.

तीन महिन्यांनी ते तिघं पुन्हा डॉक्टरांसमोर बसले. एक्स-रे उजेडावर चढला. हाडात तो तुकडा दिसत होता, वाढीच्या रेघेपासून आता थोडा दूर. डॉक्टरांनी टेपने दोन्ही पाय मोजले, मग रेघेवरून बोट फिरवलं.

"उघडी आहे," ते म्हणाले. "दोन्हीकडे सारखी. हाड तुकड्यापासून पुढे सरकलंय, म्हणजे वाढ चालू आहे."

"नक्की?" खरखरेने विचारलं.

"आजच्या पुरतं नक्की."

"पुन्हा एकदा बघाल का?"

डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं, पुन्हा मोजलं. "सारखे. आणखी तीन महिन्यांनी या."

बायकोने तारीख लिहून घेतली. बाहेर आल्यावर समोर उतरता रस्ता होता, आणि त्याच्या टोकाला बस उभी दिसत होती. "आपली बस!" ठकी ओरडली आणि पळत सुटली. सरळ, दोन्ही पायांनी, दप्तर पाठीवर आपटत.  हाक मारायला खरखरेने तोंड उघडलं. शेजारी बायकोनेही उघडलं होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही, हाक न मारता, तिच्या मागे धावायला लागले.